दवाखान्याच्या इंटिरिअरसाठी कुठलं सर्टिफिकेट?

पत्र, थोडक्यात: नाशिकच्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. वय ३१. बारावीनंतर इंटिरिअर डिझाइनचा तीन वर्षांचा डिप्लोमा, मग एका आर्किटेक्टच्या ऑफिसात सात वर्षं नोकरी. काम मुख्यतः फ्लॅट आणि बंगल्यांचं. गेल्या दोन वर्षांत मात्र चार क्लिनिक आणि एका अठरा खाटांच्या नर्सिंग होमचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यातच मन रमलं. ‘पेशंटला बरं वाटेल असे रंग, तसा उजेड, हे मला करायचंय,’ असं त्या म्हणतात. सहा महिन्यांचा एक ऑनलाइन कोर्स त्यांनी पाहून ठेवला आहे. फी ९५ हजार, शेवटी ‘सर्टिफाइड हेल्थकेअर इंटिरिअर डिझायनर’ असं सर्टिफिकेट. नवऱ्याचं मत, कागद असल्याशिवाय डॉक्टर दारात उभं करणार नाहीत. सासरे म्हणतात, एवढे पैसे घालायचे तर नोकरी सोडून नीट शिक. मुलगी चार वर्षांची आहे. कोर्स घेऊ का, नोकरी सोडू का, आणि व्हिजिटिंग कार्डावर काय लिहू, असे तीन प्रश्न आहेत.

उत्तर:

ते ९५ हजार सध्या भरू नका. कोर्स वाईटच असेल असं माझं म्हणणं नाही. पण जे नाव तो तुम्हाला देऊ म्हणतोय, ते देण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे का, हे आधी पाहायला हवं.

‘सर्टिफाइड हेल्थकेअर इंटिरिअर डिझायनर’, म्हणजे सीएचआयडी, ही अमेरिकन अकॅडमी ऑफ हेल्थकेअर इंटिरिअर डिझायनर्स या संस्थेची मान्यता आहे. ती वर्गात बसून मिळत नाही, परीक्षा देऊन मिळते, आणि त्या परीक्षेलाही कुणालाही बसता येत नाही. आधी मूळ व्यावसायिक पात्रता लागते, म्हणजे इंटिरिअर डिझायनरची एनसीआयडीक्यू परीक्षा किंवा आर्किटेक्टचा परवाना. त्यावर आरोग्यक्षेत्रातल्या इंटिरिअरचा काही वर्षांचा दाखवता येण्याजोगा अनुभव. मग अर्ज, मग परीक्षा, आणि पास झाल्यावरही वेळोवेळी नूतनीकरण. त्यामुळे सहा महिन्यांत, घरबसल्या, कुठलीही पूर्वअट न ठेवता कुणी हेच नाव देत असेल, तर ते त्याच्या कोर्सला हजेरी लावल्याचं सर्टिफिकेट आहे. शिकण्यापुरतं त्याचं मोल असेलही, पण कार्डावर ते नाव छापलंत आणि उद्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या प्रोजेक्ट टीममधल्या जाणकाराने विचारलं, तर उत्तर देताना पंचाईत होईल.

खऱ्या सीएचआयडीची पहिली पायरी म्हणजे एनसीआयडीक्यू. तिचे तीन भाग: पायाभूत ज्ञानाचा, व्यावसायिक ज्ञानाचा आणि प्रत्यक्ष डिझाइनच्या निर्णयांचा. पात्रतेसाठी इंटिरिअर डिझाइनचं शिक्षण किमान ६० सेमिस्टर क्रेडिट इतकं धरलं जातं आणि कामाचे तास शिक्षणानुसार ३५२० पासून वर लागतात. तुमचा डिप्लोमा किती क्रेडिटचा धरतात हे अर्जाबरोबरच्या मूल्यांकनात ठरेल, म्हणून गुणपत्रिका, विषयांची यादी आणि प्रत्येक विषयाचे तास आत्ताच कॉलेजकडून सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. कॉलेजं बंद पडतात, दुसऱ्या संस्थेत विलीन होतात, आणि मग दहा वर्षांपूर्वीचा अभ्यासक्रम कुणाकडेच सापडत नाही.

तासांचं म्हणाल, तर तुम्ही आर्किटेक्टच्या हाताखाली काम करता ही जमेची बाजू आहे. देखरेख करणारी व्यक्ती पात्र असावी लागते, आणि परवानाधारक आर्किटेक्टचा त्यासाठी विचार होतो. तेव्हा आजपासून एक साधी एक्सेल शीट सुरू करा: तारीख, प्रकल्प, किती खाटा किंवा किती चौरस फूट, तुम्ही काय केलंत (मोजमापं, लेआउट, तपशिलाची ड्रॉइंग, साहित्याची निवड, साइटवर देखरेख), किती तास. दर महिन्याला सरांची किंवा मॅडमची सही घ्या. पुढे ही परीक्षा दिली नाही तरी ही वही वाया जात नाही. हॉस्पिटलला प्रस्ताव देताना तोच तुमचा पुरावा असतो.

पण ही सगळी शिडी चढायची का? तुम्हाला आखातात किंवा उत्तर अमेरिकेत काम करायचं असेल, अथवा परदेशी हॉस्पिटलांची कामं घेणाऱ्या मुंबई-बेंगळुरूच्या मोठ्या फर्ममध्ये जायचं असेल, तर नक्की चढा. एनसीआयडीक्यूमधला बराच भाग अमेरिका-कॅनडातले बांधकाम नियम, तिथली करारपद्धत यांवर आहे. नाशिकमध्ये राहून वीस-पन्नास खाटांच्या हॉस्पिटलांची कामं करायची असतील, तर त्या अभ्यासातला मोठा वाटा इथे लागू पडत नाही, आणि डॉलरमधली फी मात्र पूर्ण भरावी लागते.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. कागदाशिवाय डॉक्टर उभं करणार नाहीत, हे अर्धं खरं आहे. डॉक्टर कागद मागतात, पण तो स्वतःच्या हॉस्पिटलचा. गंगापूर रोडला किंवा मुंबई नाक्याजवळ नवीन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉक्टर दाम्पत्याच्या डोक्यात काय असतं? सुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडून नोंदणी मिळेल का? अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला अडकणार नाही ना? पुढे एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलचं राष्ट्रीय मानांकन, करायचं ठरलं तर केलेलं काम तोडावं लागेल का? पहिल्या भेटीत या तीन प्रश्नांना जी व्यक्ती नकाशावर बोट ठेवून उत्तर देते, तिच्या नावापुढे काय लिहिलंय हे सहसा कुणी विचारत नाही. आपल्याकडे इंटिरिअर डिझायनरला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे या क्षेत्रात शिरायला अडथळा असा काही नाहीच. कसोटी लागते ती काम सुरू झाल्यावर.

म्हणून माझ्या मते तुमच्यासाठी पहिली मान्यता ईडॅकची, म्हणजे ‘एव्हिडन्स-बेस्ड डिझाइन ॲक्रेडिटेशन अँड सर्टिफिकेशन’ची, असावी. अमेरिकेतल्या द सेंटर फॉर हेल्थ डिझाइन या संस्थेची, २००९ पासून सुरू असलेली ही परीक्षा आहे. नाव मोठं आहे, पण मथितार्थ इतकाच: डिझाइनचा निर्णय आवडीनिवडीवर नको, अभ्यासातून हाती आलेल्या पुराव्यावर घ्यायचा आणि नंतर त्याचा परिणाम मोजायचा. या परीक्षेला पदवीची किंवा एनसीआयडीक्यूची पूर्वअट नाही. डिझायनर, आर्किटेक्ट, नर्स, हॉस्पिटल प्रशासक, साहित्य पुरवणारे, कुणीही बसू शकतं. बहुपर्यायी प्रश्न असतात, संस्थेची स्वतःची अभ्यास-पुस्तकं आहेत, आणि नोकरी सांभाळून चार-पाच महिने रोज तासभर दिला तर तयारी होते. फी आणि परीक्षा देण्याची सोय संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणीच्या दिवशीच पाहा. कुणा एजंटमार्फत जाऊ नका.

ईडॅकच्या अभ्यासात आठ पायऱ्या शिकवतात: उद्दिष्ट ठरवणं, पुरावा शोधणं, तो पारखणं, त्यातून कल्पना मांडणं, अमुक केलं तर तमुक होईल असा अंदाज बांधणं, आधीची स्थिती मोजून ठेवणं, बांधकामावर लक्ष ठेवणं आणि वापर सुरू झाल्यावर पुन्हा मोजणं. आपल्याकडे यातल्या सहाव्या आणि आठव्या पायरीला कुणी हात लावत नाही. उद्घाटनाचे फोटो काढले की काम संपतं.

इथेच तुमच्या ‘पेशंटला बरं वाटेल असे रंग’ या वाक्याकडे वळते. भावना खरी आहे, ती सोडू नका. पण ती तपासून घ्या. रॉजर उलरिक यांचा १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास या क्षेत्रात सगळे सांगतात: पेन्सिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जास्त ताकदीची वेदनाशामकं कमी लागली. सांगताना बहुतेक जण हे सोडून देतात की त्यात २३ जोड्या, म्हणजे ४६ पेशंट होते, एकच हॉस्पिटल होतं आणि एकाच प्रकारची शस्त्रक्रिया होती. म्हणून अभ्यास टाकाऊ ठरत नाही. पण त्यावरून भिंतीला हिरवा रंग लावला की पेशंट बरा होतो असं काही निघत नाही. रंगाचं म्हणाल, तर तपासणीच्या जागी गडद पिवळी, निळी किंवा हिरवी भिंत उलट अडचणीची. तिचा परावर्तित रंग पेशंटच्या त्वचेवर पडतो आणि कावीळ किंवा ओठ-नखांचा निळेपणा ओळखायला डॉक्टरला त्रास होतो. तिथे भिंत फिकट आणि उदासीन रंगाची ठेवा, दिव्याचा सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर घ्या. तुमचा आवडता रंग पेशंटच्या पायाकडच्या भिंतीवर आणि वेटिंगमध्ये वापरा.

ईडॅकच्या बरोबरीने, किंबहुना आधीच, एनएबीएच समजून घ्या. ही क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाखालची संस्था हॉस्पिटलांना मानांकन देते. हॉस्पिटलसाठीच्या मानकांची सहावी आवृत्ती २०२५ मध्ये आली. पन्नास खाटांपर्यंतच्या लहान संस्थांसाठी वेगळी मानकं आहेत, आणि नाशिकमधली बहुतेक कामं त्यातच बसतात. दहा प्रकरणं असतात. त्यांतलं इमारत-व्यवस्था आणि सुरक्षिततेचं प्रकरण, संसर्ग-नियंत्रणाचं प्रकरण आणि पेशंटच्या हक्कांचं प्रकरण ही तीन तुम्ही ओळ न् ओळ वाचायला हवीत. शेवटचं का? कारण त्यात खासगीपणा येतो, आणि दोन खाटांमधला पडदा, तपासणीच्या खोलीचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो, रिसेप्शनवर पेशंटचा आजार मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातो का, हे सगळं तुमच्या नकाशात ठरतं. एनएबीएच स्वतः ‘प्रोग्रॅम ऑन इम्प्लिमेंटेशन’ नावाचं प्रशिक्षण घेतं. ते मुख्यतः हॉस्पिटलच्या लोकांसाठी असलं तरी ९५ हजारांतला थोडासा हिस्सा तिथे घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

एक सावधगिरी. ‘एनएबीएच अप्रूव्हड पेंट’, ‘एनएबीएच अप्रूव्हड फ्लोअरिंग’, ‘एनएबीएच सर्टिफाइड डिझायनर’ असं काही नसतं. मानांकन हॉस्पिटलला मिळतं, डब्याला किंवा माणसाला नाही. विक्रेता असं म्हणाला तर त्याच्याकडून चाचणीचा अहवाल मागा: रंग किती वेळा धुतला तरी टिकतो, शीट आगीत कशी वागते.

आता कुठल्याही परीक्षेत दोन ओळींत उरकतात, पण नाशिकमध्ये ज्यावरून तुमचं नाव होईल किंवा जाईल अशी एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, ती म्हणजे फरशी. वॉर्ड आणि ओटीसाठी (ऑपरेशन थिएटरसाठी) दोन मिलिमीटरची एकजिनसी व्हिनाइल शीट आपल्याकडे सर्रास घालतात, आणि वर्षभरात तिला फुगे येतात. दोष शीटला देतात; बहुतेकदा कारण खालचा ओला कोबा असतो. ढोबळ हिशेब असा की कोबा दिवसाला एक मिलिमीटर वाळतो, तोही पन्नास मिलिमीटर जाडीपर्यंत आणि हवा कोरडी असताना. म्हणजे दोन इंची कोब्याला चांगले सात आठवडे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून कितीतरी जास्त. डॉक्टरांनी दसऱ्याचा मुहूर्त धरलेला असतो, कंत्राटदार कोबा गणपतीच्या आधी टाकतो आणि पंधरा दिवसांत शीट चिकटवतो. तिथे तुम्ही अडून बसायला हवं. हायग्रोमीटरने कोब्यावरची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली आलेली दिसल्याशिवाय गोंद उघडू द्यायचा नाही. यंत्र नसेल तर निदान प्लास्टिकचा जाड तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब किंवा गडद डाग दिसला तर थांबा. मात्र ही चाचणी फक्त ‘नाही’ सांगते. कोरडं दिसलं म्हणजे हमी मिळाली असं नाही. तळमजल्यावर जमिनीतून ओल चढते, तिथे ओलरोधक थर आधी घ्या, कारण शीट घातल्यावर त्याला इलाज नाही.

पुढचं काम जोडाचं. शीट चिकटवल्यावर किमान एक दिवस जाऊ द्यायचा, मग खाच पाडून गरम वेल्डिंग रॉडने सांधायचं. वरचा उंचवटा दोनदा कापायचा: पहिला काप रॉड गरम असताना, जाडी राखणारी पट्टी लावून, दुसरा, सपाट, रॉड पूर्ण थंड झाल्यावर. कारागीर घाईत एकाच वेळी गरम असताना सपाट कापतो. थंड होताना रॉड आकसतो, जोडात बारीक नाळ पडते, आणि त्या नाळेत रोजच्या पोछ्याचं काळं पाणी बसतं. भिंतीशी शीट काटकोनात संपवू नका. खाली गोलाईची पट्टी देऊन ती शंभर मिलिमीटर वर चढवा, म्हणजे कोपऱ्यात मळ साठत नाही. ओटीत साधी शीट नको, स्थिर वीज वाहून नेणारी, खाली तांब्याची पट्टी घालून अर्थिंगला जोडलेली लागते. ती जोडणी झाली की मोजून कागद घ्या.

फर्निचरमध्येही हेच. हॉस्पिटलात दिवसातून दोन-तीनदा पोछा होतो आणि रक्त सांडलं की हायपो, म्हणजे ब्लीचसारखं जंतुनाशक, ओततात. जमिनीला टेकलेला प्लायचा कपाटाचा तळ सहा महिन्यांत फुगतो, सनमायकाची कड सुटते. कपाटं भिंतीवर टांगा किंवा दीडशे मिलिमीटर उंच स्टीलच्या पायांवर घ्या. ते स्टीलही ३०४ दर्जाचं. २०२ वर हायपोने लवकर ठिपके पडतात, आणि ३०४ सुद्धा हायपोनंतर साध्या पाण्याने पुसावं लागतं, हे आयाबाईंना सांगायला हवं. हात धुण्याच्या बेसिनचा नळ असा बसवा की धार थेट जाळीवर पडणार नाही, नाहीतर सांडपाण्याच्या तोंडातले जंतू उडून पुन्हा हातावर येतात.

खाट फिरते का, हे पाहण्यासाठी चाचणी सोपी आहे. साधारण २.२ मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा पुठ्ठा कापून पॅसेजमध्ये तो फिरवून बघा. हॉस्पिटलचा पॅसेज २.४ मीटरचा हवा, आणि खाटेच्या लिफ्टची पेटी आतून २.४ मीटर खोल. आपल्याकडे कॉलेज रोड, इंदिरानगर, नाशिक रोड इथल्या राहत्या इमारतींत हॉस्पिटलं होतात, तिथे पॅसेज पाच फुटी आणि लिफ्ट सहा माणसांची असते. अशा जागेत सुंदर ड्रॉइंग काढण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की इथे ओपीडी आणि डे-केअर होईल, ओटी आणि आयसीयू नको. काम हातचं जाईल या भीतीने गप्प बसलात तर नोंदणीच्या तपासणीत ते उघडं पडेल, आणि तोवर डॉक्टरांचे पैसे भिंतीत गेलेले असतील.

आगीबद्दल तर मी जरा कडकच बोलते. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या शेजारच्या अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत आगीने अकरा जणांचा जीव घेतला. आयसीयूतला पेशंट उठून पळू शकत नाही. त्यामुळे फॉल्स सीलिंगच्या वर वायरी कशा गेल्या आहेत, वायरी किंवा डक्ट जिथून भिंत ओलांडतात ती भोकं अग्निरोधक भरावाने बुजवली का, पडदे आणि पॅनेलिंग पेट घेणारं आहे का, आणि तुमचं सजावटीचं पार्टिशन बाहेर पडायच्या वाटेत तर येत नाही ना, ही तुमचीच जबाबदारी आहे. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ चा चौथा भाग त्यासाठी पाठ हवा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र हॉस्पिटलला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. तपासणाऱ्याला सिलिंगच्या वर हात घालता येईल अशी झडप ठेवली नाहीत, तर दर सहा महिन्यांनी तुमच्या सिलिंगला भोक पडेल.

बाकीचं थोडक्यात. ओटीच्या हवेचं गणित एसीवाल्यावर सोडू नका. एनएबीएचच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान वीस वेळा हवा बदलली पाहिजे, त्यातली चार वेळा बाहेरची ताजी हवा हवी, आणि ओटीतला दाब शेजारच्या जागेपेक्षा किमान २.५ पास्कल जास्त हवा. दाराखाली फट राहिली की तो दाब टिकत नाही, आणि दार तुमच्या ड्रॉइंगमध्ये असतं. एक्स-रे खोलीचा आराखडा अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत बसावा लागतो. शिशाचं आवरण नसलेली खिडकी किंवा झडप बाहेरच्या जमिनीपासून दोन मीटरच्या वर लागते. सोनोग्राफीचं मशीन एका खोलीतून दुसरीकडे नेणं हे नुसतं इंटिरिअरचं काम नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली जागाबदल तीस दिवस आधी कळवावा लागतो. डॉक्टर म्हणाले की ‘रविवारी हलवून टाकू’, तर त्यांना थांबवा.

नोकरी सोडू नका. सासरे ‘नीट कर’ म्हणतात ते आपुलकीनेच, पण या विषयात नीट करणं म्हणजे चालू साइट हातात असताना शिकणं. शिवाय एनसीआयडीक्यूचे तास मोजायला देखरेख करणारे आर्किटेक्ट तुम्हाला नोकरीतच मिळतात. ऑफिसात एवढंच मागा की आरोग्यक्षेत्रातलं प्रत्येक काम तुमच्याकडे यावं, निदान लेआउटपासून ताबा देईपर्यंत एक तरी.

आणि तुमच्याकडे आत्ताच एक खजिना आहे, ते अठरा खाटांचं नर्सिंग होम. तिथे परत जा. डॉक्टरांची परवानगी घ्या, पेशंटचं नाव किंवा फोटो कुठेही येऊ देऊ नका. रात्रपाळीच्या सिस्टरांशी बोला. दिवसाच्या स्टाफला जागेचे निम्मे दोष दिसत नाहीत. खाटेपासून संडासापर्यंत पेशंट कशाला धरत जातो ते पाहा. दांडी ८५० ते ९०० मिलिमीटर उंचीवर सलग आहे की दाराशी तुटली आहे? रात्री वॉर्डात आवाज किती, हे आठवडाभर एकाच जागी, एकाच वेळी नोंदवा. जागतिक आरोग्य संघटनेची रात्रीच्या वॉर्डासाठीची शिफारस ३० डेसिबलची आहे. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा अचूक नसतो, पण आधी आणि नंतर याच मोबाइलवर मोजलंत तर फरक कळतो. मग एकच बदल सुचवा, दरवाजाला हळू बंद होणारा क्लोजर किंवा ट्रॉलीला रबरी चाकं, आणि महिन्याने पुन्हा मोजा. हा चार पानी अहवाल ईडॅकच्या अभ्यासाचं उत्तम सराव-काम होईल, आणि पुढच्या डॉक्टरांसमोर ठेवायला कुठल्याही रंगीत रेंडरपेक्षा वजनदार.

असंच पत्र लिहिणाऱ्या इतर वाचकांसाठी दोन-तीन गोष्टी. तुम्ही बी.आर्क. असाल तर दिल्लीच्या जामिया मिल्लियामधला आरोग्य-वास्तुकलेचा एम.आर्क. हा वेगळा आणि भरभक्कम रस्ता आहे. ऊर्जा आणि पाणी यांत रस असेल तर इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची एपी (ॲक्रेडिटेड प्रोफेशनल) परीक्षा आहे, त्यांचं हॉस्पिटलांसाठी वेगळं मानांकनही आहे. आयआयआयडी या इंटिरिअर डिझायनरांच्या संघटनेचं सदस्यत्व घ्यावं, ओळखी होतात, पण ती आरोग्यक्षेत्रातली पात्रता नव्हे. आणि कुठलाही कोर्स घेण्याआधी त्यांना लेखी विचारा: ही मान्यता कोण देतं, परीक्षा शिकवणाऱ्याखेरीज वेगळी संस्था घेते का, पूर्वअट काय, नूतनीकरण कधी, मान्यता असलेल्यांची यादी जाहीर आहे का? फोनवर गोड बोलून लेखी उत्तर टाळणाऱ्याला पैसे देऊ नका. ‘आज भरलं तर चाळीस टक्के सूट’ म्हणणाऱ्यालाही नाही.

राहता राहिलं कार्ड. ‘आर्किटेक्ट’ हा शब्द चुकूनही नको; १९७२ च्या कायद्याने तो नोंदणीकृत व्यक्तींसाठीच आहे, आणि डॉक्टर कौतुकाने तुम्हाला आर्किटेक्ट मॅडम म्हणाले तर तिथेच दुरुस्त करा. बीम, स्लॅब, बाहेरची भिंत किंवा वापरबदल यांना हात लागणार असेल, तर त्या ड्रॉइंगवर आर्किटेक्टची किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या, तुमची पुरत नाही. आज कार्डावर नाव, त्याखाली ‘इंटिरिअर डिझायनर – क्लिनिक आणि हॉस्पिटल’ एवढंच छापा. ईडॅक झाली की नावापुढे ती अक्षरं घाला, आणि तिचं नूतनीकरण चुकलं तर पुढच्या छपाईत ती काढून टाका. शंभरच कार्डं छापा, लवकर बदलावी लागतील.